घर सजवताना ऋतू कुठला धरायचा?

होळी होऊन गेली, पंख्यांची पाती पुसून झाली आणि मोबाइलवर ‘स्प्रिंग रिफ्रेश’चे व्हिडिओ सुरू झाले. फिकट गुलाबी उशा, पुदिन्याच्या रंगाचे पडदे, काचेच्या बरणीत ट्युलिप. सप्टेंबर उजाडला की हीच मंडळी नारिंगी भोपळे आणि तांबूस पानांच्या माळा घेऊन येतील. बघायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू! पण एकदा आपल्या रायपूरच्या खिडकीतून बाहेर बघा. मार्च संपेपर्यंत पळस फुलून झडलेला असतो आणि दुपारी दोन वाजता रस्ता ओस पडायला लागतो. सप्टेंबरात इथे पानगळ नसते, शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना हिरवंगार धान उभं असतं.

म्हणजे ऋतूच उसना. मग उसन्या ऋतूसाठी आणलेली वस्तू पुढच्या वर्षी जुनाट वाटते, यात नवल काय? ती कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि आपण पुन्हा नवीन मागवतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तेवढ्या फळ्या तरी आहेत का?

‘टाइमलेस’ म्हणजे सगळं घर पांढरं आणि बेज, असाही एक समज झाला आहे. मला तो पटत नाही. माझा हिशोब वेगळा आहे. जी वस्तू आपल्या हवेशी काही काम करते, म्हणजे ऊन अडवते, ओल सोसते, ऊब देते, ती दहा वर्षांनीही जुनी दिसत नाही. तिची वेळ आली की ती बाहेर निघते आणि घर आपोआप नवं वाटतं. रायपूरमध्ये राहून हे शिकायला कुठे लांब जावं लागत नाही.

आधी उन्हाळा, कारण तोच सगळ्यात मोठा

आपल्याकडे वर्षाचे चार सारखे तुकडे पडत नाहीत. एप्रिल, मे आणि अर्धा जून हा खरा कसोटीचा काळ. पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा लागला की घरातल्या भिंतींनाही हात लावून बघावंसं वाटतं. घरात आजी-आजोबा असतील, तान्हं बाळ असेल, तर खिडकीला काय लावायचं हा प्रश्न सजावटीपुरता राहत नाही. म्हणून बजेटचा मोठा हिस्सा उन्हाळ्यावर खर्च करा, बाकीच्या ऋतूंचं थोडक्यात भागतं.

पडद्यांबद्दल एक गोष्ट आपण नेहमी उलटी करतो. ऊन अडवायचं म्हणून आतून जाडजूड पडदा लावतो. पण काच एकदा तापली की ती उष्णता खोलीत आलेलीच असते, मग पडदा कितीही भारी असो. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. त्यासाठी बाहेरून लावायची बांबूची चिक हा आजही सगळ्यात स्वस्त आणि देखणा उपाय आहे. आधी पश्चिमेच्या खिडक्या घ्या, मग पूर्वेच्या. दक्षिणेला मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तिथे छज्जा असेल तर चिकेवाचूनही चालतं. बाल्कनीला लावलेल्या चिकेतून दुपारी जो पट्ट्यापट्ट्यांचा उजेड फरशीवर पडतो, तशी सजावट कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

भाड्याचं घर आहे किंवा सोसायटी बाहेरून काही लावू देत नाही? मग आतल्या पडद्याला काचेच्या बाजूने पांढरं सुती अस्तर शिवून घ्या. चिकेइतका फायदा होत नाही, पण पांढरा कपडा थोडं ऊन काचेतून परत बाहेर तरी पाठवतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पडद्यांचे पैसे आधी गच्चीवर घाला. गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला, तर त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दिवाणखान्यातल्या कुठल्याच वस्तूने पडत नाही.

कूलर वापरणाऱ्यांसाठी थोडं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, त्यामुळे ती हवा दुसरीकडून बाहेर निघायला वाट हवी. समोरची खिडकी जड पडद्याने बंद करून टाकलीत तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. त्या खिडकीला हलकं, उडणारं कापड लावा. ताट्या बदलताना वाळ्याच्या मिळाल्या तर जरूर घ्या. वाळ्याचा वास हीच उन्हाळ्याची सजावट समजा, सेंटेड कँडल कशाला हवी?

आणि रंग? इथे रायपूरचं एक खास दुखणं आहे. उरला आणि सिलतराकडे लोखंडाचे कारखाने आहेत, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळी भुकटी कशी बसते हे त्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. मासिकांतल्या फोटोंमधला तो शुभ्र लिननचा सोफा सिलतऱ्याच्या वाऱ्यात आठवडाभर टिकवून दाखवा! आपल्याला विटकरी, मातकट, गवती, करडा निळा असे मळ झाकणारे रंग बरे. पडदे मशीनमध्ये धुता येतील असेच घ्या. गालिचा सरळ गुंडाळून ठेवा. उघडी, ओल्या फडक्याने पुसलेली फरशी उन्हाळ्यात जितकी सुंदर दिसते तितकं तिच्यावरचं काहीच दिसत नाही.

आपल्या मराठी घरांत उन्हाळ्याची सजावट पूर्वीपासून आहेच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास आठवून बघा. पायऱ्या मांडायच्या, त्यावर धुतलेली चादर, झोपाळ्यात गौर, मोगऱ्याचे गजरे, कैऱ्या, कापून कमळ केलेलं कलिंगड, दारात चैत्रांगण. संध्याकाळी पन्हं आणि आंब्याची डाळ वाटून झाली की निम्मी सजावट पोटात गेलेली असते आणि उरलेली कपाटात. साठवणुकीचा प्रश्नच नाही! पुढे अक्षय्य तृतीयेला माठ भरायचा. इथे त्याच दिवशी अक्ती असते आणि बाजारात मातीचे पुतरा-पुतरी लग्नासाठी सजून बसलेले असतात. माठ, त्याखाली तिवई, वर पितळी पेला आणि शेजारी पुतरा-पुतरीची जोडी. जेवणाच्या खोलीतला एक कोपरा एवढ्यावर उन्हाळाभर छान दिसतो.

पुहपुटराची जाळी

आता एका घराची गोष्ट सांगते, कारण ऊन, घर आणि सौंदर्य यांचं नातं मला तिथेच नीट कळलं. सरगुजा जिल्ह्यात लखनपूरजवळ पुहपुटरा नावाचं गाव आहे. तिथे सोनाबाई रजवार राहत. नवऱ्याने त्यांना घराबाहेर, लोकांत मिसळू दिलं नाही. एक-दोन नव्हे, सुमारे १५ वर्षं त्या जवळजवळ एकट्याच होत्या. सोबतीला लहान मुलगा. त्याला खेळणी हवीत म्हणून त्यांनी मातीची चित्रं करायला सुरुवात केली. मग पक्षी आले, माकडं आली, नाचणारी माणसं आली, बासरी वाजवणारा कृष्ण आला. बाजारचा रंग हाताशी नव्हता, तर माती, झाडपाला आणि स्वयंपाकघरातल्या जिनसांमधून रंग काढले.

रजवार बायका भिंती सजवतात ही जुनी रीत आहे. पावसाने खराब झालेल्या भिंती कापणीनंतर नव्याने लिंपायच्या आणि पौषातल्या छेरता सणासाठी त्यांच्यावर मातीची उठावाची नक्षी काढायची. म्हणजे घर ‘रिफ्रेश’ करण्याचं त्यांचं वेळापत्रक पाऊस आणि पीक ठरवत होतं. सोनाबाईंनी त्यात स्वतःची भर घातली ती जाळीची. बांबूच्या कामट्या वाकवून गोल कडी करायची, कड्यांवर कड्या बांधून पडदा उभा करायचा आणि त्यावर माती लिंपायची. ओसरीच्या खांबांमध्ये उभ्या केलेल्या या जाळीतून ऊन गाळून आत यायचं आणि वारा खेळता राहायचा. जाळीच्या भोकांमध्ये पोपट, साप, माणसं बसवलेली. भर दुपारी त्या आकृत्यांच्या सावल्या आतल्या जमिनीवर पडत असतील.

१९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनचे लोक लोककलेच्या शोधात फिरत तिथे पोचले. तेव्हा सरगुजाही मध्य प्रदेशातच होतं. त्यानंतर सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांचं काम परदेशात गेलं, स्टीफन हाइलर या अमेरिकन अभ्यासकाने त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. २००७ मध्ये त्या गेल्या. पण गावातल्या बायका-पुरुष त्यांच्याकडून ही जाळी शिकले आणि आज छत्तीसगढची ओळख म्हणून ती जागोजाग दिसते.

ही गोष्ट ‘एकटेपणातून कला फुलली’ अशा गोड शब्दांत सांगतात, ते मला आवडत नाही. कोंडून ठेवणं हे कोंडून ठेवणंच होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्या घरातून बाहेर पडता येत नव्हतं ते राहण्याजोगं करायला त्यांनी जे केलं, त्यात शोभा आणि सोय वेगळी काढताच येत नाही. जाळी सुंदर आहे म्हणून ऊन अडवते की ऊन अडवते म्हणून सुंदर आहे, ठरवा बरं!

आता हस्तकलेच्या प्रदर्शनांत प्लायवूडच्या फळीवर केलेले रजवार शैलीचे छोटे पॅनेल मिळतात. घेतलंत तर ते घरातल्या कोरड्या भिंतीवर लावा. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा बसणारी भिंत नको, मातीला ओल चालत नाही. खिडकीजवळच्या भिंतीवर, बाजूने उजेड येईल असं लावलंत तर उठाव खुलतो. समोरून ट्यूबलाइट पडली की सगळं सपाट दिसतं.

पावसाळा: कमी करा

पावसाळ्यात सजावट वाढवायची नसते, काढायची असते. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पुढचे तीन महिने जास्तीच्या उशा, जाड अभ्रे, कापडी फुलं सगळं कुबट होतं. निम्म्या उशा उन्हात तापवून आधीच बांधून ठेवा. कोशाच्या साड्यांचे किंवा दुपट्ट्यांचे टेबल-रनर केले असतील तर ते जुन्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. बस्तरचं लोखंडी काम असेल तर कोरडं पुसून तेलाचा अगदी पुसट हात द्या, नाहीतर ऑगस्टपर्यंत गंज चढतो. ढोकऱ्याच्या मूर्ती पाण्याने धुवायच्याच नाहीत. मऊ ब्रश आणि कोरडं फडकं बास. त्यांचा काळसर-सोनेरी रंग चिंचेने घासून चकचकीत करणाऱ्यांना काय म्हणावं!

दार मात्र सजवा. हरेलीला इथे दारावर कडुनिंबाची डहाळी लावतात, तुमच्याही दारी कोणी लावून जात असेल. आणि पोळा तर आपला आणि छत्तीसगढचा एकाच अमावस्येचा. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल लागतो, इथे मातीचा नंदिया बैला आणि मुलींसाठी मातीची जाता-पोरा, म्हणजे जातं आणि भांडीकुंडी. लाकडी बैल एकदाच चांगला घ्या. मुलं लहान असेपर्यंत तो ओढायला, नंतर पुस्तकांच्या कपाटावर ठेवायला. दर वर्षी पोळ्याला खाली उतरवून नवी झूल घातली की झालं.

धानाची झालर

दिवाळीच्या आधी गोलबाजारात आणि चौकाचौकांत धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर विकायला येते. नव्या पिकाच्या सोनेरी लोंब्या, दारावर टांगायच्या, चिमण्यांनी येऊन खायच्या. मला विचाराल तर रायपूरमधली ही सर्वोत्तम सजावट आहे. प्लास्टिकच्या तोरणाला वर्षभर धूळ पुसावी लागते. झालर चिमण्या महिनाभरात संपवतात आणि उरलेला पेंढा कुंडीत टाकता येतो. फक्त ती दाराच्या आत, एसीच्या वाऱ्यात टांगू नका, बाल्कनीत टांगा. पाखरं आली नाहीत तर तिच्यात उरतं काय? तिच्या खाली ग्वालिन ठेवा. मातीची, हातात दिवे घेतलेली ही गवळण इथे लक्ष्मीपूजनाला मांडतात. आपल्या समईशेजारी ती मुळीच परकी वाटत नाही.

दिवाळीच्या साफसफाईबद्दल मात्र जरा स्पष्ट बोलते. खेड्यात छुई माटीने घर लिंपायचं काम असो की फ्लॅटमधले पंखे-माळे काढायचं, ते बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं. ऋतूप्रमाणे घर बदलायचे लेख वाचून ते काम आणखी वाढणार असेल तर तो लेख मिटून टाका, हाही. मी एक साधी अट ठेवते. ऋतूबदलाचं सगळं काम घरातल्या सगळ्यांनी मिळून एका रविवारी दुपारच्या जेवणाआधी संपलं पाहिजे. त्यात बसत नसेल तर वस्तू जास्त आहेत.

थंडीचं फार काही नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळ-संध्याकाळ छान गारठा पडतो, तेवढ्यापुरत्या गोधड्या काढा. आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी सोफ्याच्या पाठीवर टाकली की वेगळा ‘थ्रो’ घ्यायला नको. उन्हाळ्यात गुंडाळलेली सतरंजी अंथरा, दक्षिणेच्या खिडकीत खुर्ची सरकवा, पांढऱ्या दिव्यांच्या जागी पिवळे लावा. झालं.

काय घ्यायचं, काय ठेवायचं

तात्यापारा, बूढापारा, पुरानी बस्ती इथली जुनी घरं एकेक करून पाडली जात आहेत. भोसल्यांच्या काळापासून इथे आलेल्या आणि पुढे नोकरी-वकिलीच्या निमित्ताने स्थिरावलेल्या मराठी घरांतलं सामान आता दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसवायचं आहे. अशा वेळी भावंडांत खरी रस्सीखेच होते ती मायेची. सगळंच आणावंसं वाटतं किंवा रागाने सगळंच भंगारात जातं. माझा सल्ला असा की ज्या वस्तूला नव्या घरात काम देता येईल तेवढीच आणा. घंगाळ्यात उन्हाळ्यात पाणी आणि मोगऱ्याची फुलं राहतात, ते आणा. पाट चार असतील तर दोन आणा, एक देवापुढे आणि एक माठाखाली. फडताळाची जुनी दारं चांगल्या सागवानाची असतील तर सुताराकडून त्यांचं नवं कपाट करून घ्या. काहीच काम नसलेली वस्तू ज्या भावंडाकडे जागा आहे त्याला मनापासून देऊन टाका. पितळी भांडं काचेच्या कपाटात कुलपात ठेवलं की महिन्याभराने त्याच्याकडे कोणी बघत नाही.

नवीन घ्यायचं तर वर्षाला एकच. शबरी एम्पोरियममध्ये किंवा पंडरीच्या हाटात गेलात तर ढोकरा हातात घेऊन बघा. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून आकार करतात, वर पुन्हा माती लिंपतात, तापवून मेण वितळवतात आणि त्या जागी धातूचा रस ओततात. वस्तू काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून एकसारख्या दोन मूर्ती मिळत नाहीत. दुकानात हुबेहूब सारख्या दहा दिसल्या आणि हाताला हलक्या लागल्या तर पुढे चला. मूर्ती घेण्यापेक्षा दिवा, घंटा किंवा दाराची कडी घ्या, रोज हात लागेल अशी.

पण ते दिवाळीच्या सुमारास. आत्ता चैत्र आहे, तेव्हा या रविवारी टेप घेऊन खिडक्या मोजा. बाहेरच्या चौकटीची रुंदी आणि उंची, दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त धरून. चिक विणणाऱ्यांकडे एप्रिलमध्ये गर्दी होते आणि नवतपात तर ते सापडतही नाहीत. कमट्या बारीक आणि सलग आहेत ना ते बघा, किनारीला सुती पट्टी लावून घ्या आणि ओढायची दोरी जाड सुताची मागा. नायलॉनची दोरी मेच्या उन्हात तुटते आणि चिक नेमकी दुपारी तीन वाजता खाली येते. पुढच्या महिन्यात बाल्कनीतल्या झाडांना या उन्हातून कसं काढायचं ते बघू.